मूल पाचवीत गेलं की आई मोकळी होते, हे कोणी ठरवलं?

सात_बावन्न_बदलापूर
काल ‘सरळसोट’ यांनी इथे लिहिलं की बाळ लहान असेपर्यंत बायकांना सवलती द्यायला त्यांची ना नाही, पण ‘मूल पाचवीत गेलं की स्वतःचं स्वतः करतं. त्यानंतरही मुलांची कारणं सांगून पाचला निघणाऱ्या बायका ऑफिसची फसवणूक करतात.’ रात्री दोनदा वाचलं, झोप लागली नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

माझी मुलगी २०१४ ची. तेव्हा रजा १२ आठवड्यांचीच होती. सातव्या महिन्यात जुन्या कुर्त्यांच्या बाजूच्या शिवणी उसवून ते वापरले. रजेवरून परत आले तेव्हा पुढे चेन असलेले दोन कुर्ते आलटून पालटून घालायचे आणि दूध काढायला जागा म्हणजे बाथरूम. कठीण दिवस होते, पण निदान लोकांना दिसत होते. लेडीज डब्यात अनोळखी बायका उठून खिडकी द्यायच्या. साहेब विचारायचे, बाळ रांगायला लागलं का? अकरा वर्षांच्या मुलीबद्दल कोणी काही विचारत नाही.

दहावं वर्ष लागलं तेव्हा पाळणाघरवाल्या काकू म्हणाल्या, आता ही लहान मुलांत रमत नाही, दुसरीकडे बघा. दुसरीकडे म्हणजे कुठे? चौथीपर्यंत शाळा नऊला होती. पाचवीपासून आमच्या शाळेत सकाळची सात. साडेबाराला सुटते, मी घरी येते साडेसातला. सात तास मुलगी एकटी. किल्ली दप्तराच्या आतल्या कप्प्यात सेफ्टी पिनेने अडकवलेली.

या जूनमध्ये एका मीटिंगमधून बाहेर आले तर अकरा मिस्ड कॉल. मुलीला पहिल्यांदा पाळी आली होती. मी सगळं समजावून ठेवलं होतं, पॅड कुठल्या खणात आहेत तेसुद्धा. पण पोर घाबरली आणि बाथरूमचं दार लावून आत बसली. फोनवर एवढंच म्हणाली, ‘आई, तू ये.’ पावसाने गाड्या रखडलेल्या. दादरहून घरी पोचायला दोन तास लागले. तोवर शेजारच्या वहिनी बंद दाराबाहेर जमिनीवर बसून तिच्याशी बोलत होत्या.

त्या दिवशी मी साडेतीनला निघाले. तुमच्या हिशेबात ती फसवणूक झाली.

सरळसोट
तुमच्या मुलीबद्दल वाईट वाटलं. अशा दिवशी कोणीही निघेल. मी रोजच्या पाचबद्दल लिहिलं होतं.

माझं भोसरीला पॅकेजिंगचं युनिट आहे, १४ माणसं. गेल्या दोन वर्षांत ऑफिसमधल्या दोघींना २६ आठवड्यांचा पूर्ण पगार दिला. दोघींचा पगार २१ हजारांच्या वर, म्हणजे ईएसआयसी (सरकारी कामगार विमा, जो रजेचा पगार देतो) लागू नाही. सगळा माझ्या खिशातून गेला. सरकारने २०१७ मध्ये १२ चे २६ केले आणि बिल मालकाकडे पाठवलं. आमच्या रांगेतला एक जण नवीन लग्न झालेल्या मुलीला मुलाखतीलाच बोलवत नाही. मी बोलवतो, घेतो, रजा देतो. त्यानंतर पुढची दहा-बारा वर्षं ‘मुलाची शाळा, मुलाची परीक्षा’ हेही मीच सोसायचं का? बाकीच्या बारा जणांनी त्यांचं काम कुठवर ओढायचं?

खडूफळा
सरळसोट, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत आईची गरज असते हे शासनाने मान्य केलेलं आहे. केंद्रात बालसंगोपन रजा ७३० दिवस, आमच्याकडे राज्यात १८० दिवस. मुलाच्या सहावी-सातवीत मी ती थोडी थोडी घेतली आणि त्या दोन वर्षांनी मुलगा सावरला. त्याचं गणित सुटत नव्हतं, हळूहळू बोलणंही बंद झालं होतं. शाळेतली कोणी मैत्रीण बोलली नाही की फसवते आहेस.

एमआयडीसी_लेडी
खडूफळा ताई, राग मानू नका, पण सरकारी रजेचं आमच्यासारख्यांना सांगू नका. मी चाकणला लाइनवर होते. पोट दिसायला लागल्यावर युनिफॉर्मची पँट बसेना, तर स्टोअरमधून पुरुषांची दोन साइझ मोठी पँट मिळाली, कमरेला नाडी मी घरून लावून आणली. आठव्या महिन्यापर्यंत उभ्याने काम केलं. ५० च्या वर माणसं असली की पाळणाघर द्यावं लागतं असा कायदा आहे. आमच्याकडे होतं, खोलीला पाटी होती आणि आत खोके होते. तुम्हाला मूल सहावीत गेल्यावर पगारी रजा मिळते. आमचं मूल सहा महिन्यांचं झालं की आम्ही कंत्राट संपलं म्हणून घरी.

खडूफळा
तुमच्यावर अन्याय झाला. पण मला मिळतं ते तुम्हालाही मिळावं असं म्हणा ना. माझी रजा तुमच्या रजेतून कापलेली नाही.

संत्रानगरी
मूळ मुद्दा सगळे टाळताहेत. एकत्र कुटुंबं मोडली, दोघांचे दोन फ्लॅट घेतले आणि आता मुलं एकटी राहतात म्हणून रडणं. आजी-आजोबांना घरी आणा, प्रश्नच उरत नाही. आमच्याकडे आई आहे. दोन्ही मुलं तिच्या हातावर वाढली. बायको निर्धास्त नोकरी करते.

आजी_६८
संत्रानगरी, तुमच्या आईंना विचारलंत का कधी?

मी टेलिफोन खात्यात होते. १९८२ साली मुलगा झाला, नव्वद दिवसांची रजा. एक्क्याण्णवाव्या दिवशी बाळ सासूबाईंच्या मांडीवर ठेवून ड्यूटीवर गेले. नऊवारी नेसणारी ती बाई दुपारी वाटी-चमच्याने त्याला दूध पाजायची. तिलाही कोणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही, हे आता कळतं.

आता नातू पाच वर्षांचा, नात अकरा वर्षांची. सकाळी सहाला डबे. साडेबाराला नातीला रिक्षातून उतरवून घेणं. नातवाला झोपवणं. चारला नातीचा क्लास, तिथे जिना आहे, माझे गुडघे दोन्ही गेलेत. सून चांगली आहे, माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही. पण आठ वर्षांत मैत्रिणींबरोबर एकदाही गावाला जाता आलं नाही, कारण मी गेले तर घर कोण बघणार? पेन्शन मिळते, तरी सुट्टी मिळत नाही. आणि अकरा वर्षांच्या मुलीशी काय बोलायचं ते मला खरंच समजत नाही. ती फोन घेऊन दार लावते. मी दार वाजवलं तर म्हणते, आजी, तुला नाही कळणार. भरवणं, न्हाऊ घालणं मला येत होतं. हे येत नाही.

संत्रानगरी
माझ्या आईला नातवंडं म्हणजे जीव की प्राण. तिला ओझं वाटतं असं तुम्ही परस्पर कसं ठरवता? असं लिहून आपण म्हाताऱ्या माणसांच्या मनात भलतंच भरवतो.

आजी_६८
म्हाताऱ्या माणसांच्या मनात आधीपासून पुष्कळ असतं. जीव की प्राण आहेत हे खरं. पाठ दुखते हेही खरं. एक बोललं की दुसरं खोटं ठरत नाही.

लेक_आणि_सून
आजी, मला वाचून रडू आलं, पण थोडा रागही आला. माझ्या सासूबाई अगदी असंच बाहेरच्यांना सांगतात. मला कधीच सांगत नाहीत. मला समोर म्हणाल्या असत्या तर मी दुपारी बाई ठेवली असती. मी विचारलं की म्हणतात, ‘बाईच्या हाती मुलं देणार का?’ मग तीच गोष्ट भिशीत. मी दोषी दोन्हीकडून.

आजी_६८
तुझं काही अंशी बरोबर आहे. बाई ठेवायची म्हटलं तर मीच नको म्हणाले होते. अभिमान आड आला.

एमआयडीसी_लेडी
माझ्या आईला मी महिन्याला चार हजार देते, मुलीला सांभाळते म्हणून. नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली, आईला पगार देते म्हणे. पण त्या पैशातून ती स्वतःसाठी साडी घेते, भावापुढे हात पसरत नाही. यात लाज कसली?

संत्रानगरी
आता आजीला पगार! पुढे काय, आजीचा राजीनामा? प्रेमाचा बाजार मांडलाय. मी या चर्चेतून बाहेर.

दोन_लेकींचा_बाप
बाहेर पडण्याआधी एक सांगा, तुमच्या घरात तुम्ही मुलांचं काय करता? इतक्या वेळात धाग्यावर बाप कोणाच्याच तोंडून आला नाही. ‘फसवणूक करणाऱ्या बायका’, ‘सवलती बायकांना’. मी मागच्या वर्षी धाकटीच्या शाळेत पालकसभेला जायचं म्हणून चारला निघालो तर साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘बायको कुठे गेली?’ बायको हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होती. केंद्र सरकारात बापाला १५ दिवस तरी मिळतात. खाजगीत तसा कायदाच नाही. सरळसोट, तुमच्या १४ जणांत बाप किती आहेत आणि त्यातले कितीजण मुलासाठी कधी लवकर गेले?

सरळसोट
सात बाप आहेत. मुलासाठी लवकर जायला कोणी मागितलं नाही. मागितलं असतं तर मीही कदाचित तोच प्रश्न विचारला असता.

सात_बावन्न_बदलापूर
मग रोजच्या पाचचा हिशेब अर्धा तिथेच चुकला. सात घरांतलं लवकर निघणं सात बायका दुसऱ्या कोणाच्या तरी ऑफिसातून करताहेत. तो खर्च त्यांचे मालक सोसतात आणि तुमच्या दोघींचा तुम्ही.

आणि मी रोज पाचला निघायला मागत नाही. साडेबाराला पंधरा मिनिटं फोनवर बोलायला मिळावीत, मुलगी घरात शिरून कडी लावेपर्यंत. आठवड्यातून एक दिवस घरून काम. परीक्षेच्या दिवसांत वेळ मागे-पुढे. यातलं एकही तुमच्या खिशातून जात नाही.

सरळसोट
मशीनवरचं काम घरून होत नाही, ते सोडा. फोनचं मान्य. लाइनवर फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियम मीच केला आहे, तो साडेबाराला पंधरा मिनिटं शिथिल करतो, पुरुषांनाही. ‘फसवणूक’ हा शब्द मागे घेतो. २६ आठवड्यांच्या बिलाचं मात्र मागे घेत नाही. ते सरकारने उचललं पाहिजे, आणि यावर तुम्ही माझ्या बाजूने बोललं पाहिजे.

सात_बावन्न_बदलापूर
बोलेन. त्याच पैशामुळे मुलींना नोकऱ्या नाकारल्या जातात हे मलाही दिसतं. ते काल पहिल्याच ओळीत लिहिलं असतंत तर मी दोन पानं लिहिली नसती.

रात्रपाळी
मी नर्स आहे, नाशिकरोडला. मुलगा बारा वर्षांचा, घरी आम्ही दोघंच. रात्रपाळीला त्याला शेजारी झोपायला पाठवते. आता तो जायला लाजतो, कारण शेजाऱ्यांच्या घरात त्याच्याच वर्गातली मुलगी आहे. गेल्या आठवड्यात एकटा राहिला आणि दिवा चालू ठेवून बसल्या जागीच झोपला. दहा वर्षांवरच्या मुलांना रात्री ठेवून घेणारं कोणी या भागात माहीत असेल तर कृपया सांगा. सोमवारपासून पुन्हा रात्रपाळी आहे.