बारा वर्षं जुनी आलिशान सेडान घ्यायची म्हणतेय, पुढे कितीला पडेल?

लांबचा पल्ला
नमस्कार. एक जर्मन बनावटीची मोठी सेडान बघून आलेय. बारा वर्षं जुनी, १,१८,००० किमी धावलेली. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या. विकणारे तिसरे मालक आहेत आणि नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षाही कमी पैशांत द्यायला तयार आहेत. दार लावल्यावर बाहेरचा आवाज कसा तुटतो ते अनुभवल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

पण तीन गोष्टी मनातून जात नाहीत. सकाळी गेले तेव्हा पुढची डावी बाजू जरा बसलेली दिसली. "उभी होती ना, चालू केली की उठते," असं ते म्हणाले, आणि मिनिटभरात ती उठलीही. दुसरं म्हणजे, थांबत आल्यावर दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर पडताना हलका धक्का बसतो. आणि सर्व्हिसचे कागद फक्त पहिल्या पाच वर्षांचे आहेत. गाडी घेण्यापुरते पैसे आहेत, पुढे दर महिन्याला थोडे बाजूला टाकता येतील. ज्यांनी अशी गाडी खरोखर सांभाळलीय त्यांनी सांगा, काय काय निघतं?

सातवं वर्ष
ताई, अशाच वर्गातली गाडी मी दहा वर्षांची असताना घेतली, आता तिला सतरावं चालू आहे. जे अंगावर आलं तेवढंच सांगतो.

आधी पैशाचं. जुनी झाली की गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. हेडलाइट फुटला तर तो अजूनही त्या महागड्या नव्या गाडीच्याच हिशेबाने मिळतो. मी पहिल्या दिवसापासून वही ठेवलीय. पहिल्या दोन वर्षांत गाडीच्या खरेदी किमतीच्या जवळपास निम्मे पैसे तिच्यावर गेले, आणि त्यातलं बहुतेक काम आधीच्या मालकाने पुढे ढकललेलं होतं. त्यानंतर तीन वर्षं तेल, फिल्टर आणि टायर यापलीकडे फारसं काही नाही. मग एका वर्षात पुन्हा मोठं बिल. म्हणून "दर महिन्याला थोडे" हा हिशेब इथे बसत नाही. खर्च हप्त्याने येत नाही, एकदम येतो. किमतीचा निदान तिसरा हिस्सा हातात ठेवूनच चावी घ्या.

आता बसलेली बाजू. सस्पेन्शन धड असलेली गाडी एका रात्रीत अशी बसत नाही. हवेची पिशवी रबराची असते, ती जिथे दुमडते तिथे वयाने बारीक चिरा पडतात. हवा गळते, मग ती भरून काढायला कंप्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तापून जळतो. माझीही मागची उजवी अशीच बसायची. उठते ना, मग चालू दे, असं म्हणत मी सहा महिने काढले. बदलायची होती एक पिशवी, बदलावी लागली पिशवी, कंप्रेसर आणि त्याचा रिले. रात्री आणि सकाळी चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. गाडी उठलेली असताना पिशवीवर साबणाचं पाणी फवारलं की बुडबुडे चीर दाखवून देतात.

दुसरं, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. टाकी, पाइपांची तोंडं, थर्मोस्टॅटचं घर, सगळं प्लास्टिकचं. वर्षानुवर्षं तापून-निवून ते बिस्किटासारखं ठिसूळ होतं. टाकीच्या जोडावर वाळलेले पांढरट किंवा गुलाबी डाग दिसले की समजायचं, तिथून झिरपतंय. तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर स्थिर राहील असाच ठेवलेला असतो, हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. इंजिनचं ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं तर दुरुस्ती गाडीच्या किमतीला टेकते.

आणि गालिचा उचलून बघाच. माझ्या गाडीत पावसानंतर काचांवर आतून धुकं यायचं. एके दिवशी शेजारच्या सीटपुढचा गालिचा ओढला, तर वरून कोरडा आणि खालचा जाड फोम पिळला की बोटांमधून पाणी वाहत होतं. त्या पाण्याशेजारीच एका कंट्रोल युनिटचा प्लग, पितळी पिना हिरव्या पडलेल्या. कारण काय, तर सनरूफचं पाणी वाहून नेणारी नळी मातीने तुंबलेली. आता दर पावसाळ्याआधी चारही नळ्यांत थोडं थोडं पाणी ओतून खालून बाहेर येतं का ते बघतो. पाच मिनिटं लागतात.

ग्रीसचे हात
मी गिअरबॉक्सचीच कामं करतो. धक्क्याबद्दल न बघता छातीठोक कोणी सांगू नये. अनेक कंपन्या या तेलाला "जन्मभराचं" म्हणतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमीला किंवा आठ वर्षांत तेल बदलायला सांगते. त्यांच्या सहा गिअरवाल्या बऱ्याच गिअरबॉक्सना खालचा चेंबर प्लास्टिकचा असतो, फिल्टर त्यातच, म्हणून दोन्ही एकदमच बदलतात. तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांत असताना बघायची. हे न पाळणाऱ्याकडे काम देऊ नका. तेलाने धक्का जाईलही, पण आतला व्हॉल्व्ह बॉडी (गिअर बदलायला तेलाचा दाब वळवणारा भाग) झिजला असेल तर नाही जाणार. स्कॅनर लावाल तेव्हा फक्त एरर बघू नका, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर स्वतः करतो त्या तपासण्या, पूर्ण आहेत का तेही बघा. अपूर्ण असतील तर बहुधा नुकतंच कोणीतरी मेमरी पुसलीय किंवा बॅटरी काढलीय.

चार चाकं
पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. बाहेरून नक्षी शाबूत आणि आतून गुळगुळीत असेल तर बहुधा आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश गेलेत. त्यासाठी कंपनीच्या डब्यातलेच पार्ट हवेत असं नाही. लेमफर्डर, सॅक्स या पार्ट बनवणाऱ्यांचे पार्ट नव्या गाड्यांतही लागतात, तेच त्यांच्या स्वतःच्या डब्यात स्वस्त पडतात. नाव नसलेला आर्म मात्र स्वस्त म्हणून घालू नका, मी घातला होता, वर्षभरात परत खडखड. आणि बॅटरी बदलली की गाडीच्या कॉम्प्युटरला कळवायला लागतं का ते आधी विचारा, नाहीतर नवीसुद्धा चुकीची चार्ज होते.

लांबचा पल्ला
सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं सगळं करून आले. मालकांनी रात्रभर थांबायची परवानगी दिली. संध्याकाळी पुढचं डावं माप ३९.५ सेमी, सकाळी ३५. साबणाच्या पाण्याने पिशवीच्या खालच्या घडीत बुडबुडे आले. गालिचे खालपर्यंत कोरडे, मी स्वतः हात घातला. मॉनिटर पूर्ण होते. टाकीच्या जोडावर मात्र गुलाबी रेघ आहे.

या सगळ्याचा अंदाज काढून घेतला आणि तो आकडा सरळ किमतीतून वजा करून त्यांना सांगितला. त्यांनी दोन दिवस मागितलेत. हो म्हणाले तर आधी कूलंटची टाकी आणि पाइप, मग पिशवी, मग गिअरबॉक्सचं तेल, असा क्रम धरलाय. बरोबर आहे का?

सातवं वर्ष
क्रम बरोबर आहे, फक्त पिशवी होईपर्यंत गाडी रोज वापरू नका, कंप्रेसर वाचेल. आणि कूलंटचं काम काढाल तेव्हा थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपही त्याच वेळी घाला. तुमच्या इंजिनात पंप विजेवर चालणारा असेल तर तो बहुधा काही न सांगता बंद पडतो. नंतर एकट्या पंपासाठी तेच सगळं पुन्हा खोलावं लागतं आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.