खाणं हळूहळू सुधारतोय, पण संध्याकाळची भूक आणि उपवास इथे अडलोय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय ४४, राहायला डोंबिवली, ऑफिस लोअर परळला. मे महिन्यातल्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर, ६.१ टक्के आलं. डॉक्टर म्हणाले, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. गोळी आत्ता नको, खाणं आणि चालणं बघा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. माझ्या बाबांना मधुमेह होता. त्यांची शेवटची वर्षं जवळून पाहिली आहेत, त्यामुळे हा आकडा मला सोडून देता येत नाही.

आधी काय चुकलं ते सांगतो. रिपोर्ट आला त्याच रात्री भात, साखर, बटाटा, तळण सगळं एकदम बंद केलं. सकाळी ओट्स, रात्री नुसतं सूप. घरात आम्ही चौघं: आई (७१), बायको, नववीतली मुलगी आणि मी. सकाळचा स्वयंपाक बायको करते, संध्याकाळचा आई. तेराव्या दिवशी आईने मसालेभात केला होता आणि मी पानावर न बसता सूप गरम करायला उठलो. आई एवढंच म्हणाली, "माझ्या हातचं आता तुला बाधायला लागलं का रे?" त्या रात्री दोनदा भात वाढून घेतला आणि तो सगळा प्रकार तिथेच संपला.

मग ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट. आधी चहा. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे नुसत्या चहातून ५० ग्रॅमच्या आसपास. दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करत दोन महिन्यांत एका चमच्यावर आलो. कपही तीनच राहिले. आता ऑफिसच्या मशीनचा चहा मलाच गोड लागतो.

दुसरं तेल. आमच्याकडे पाच लिटरचा डबा महिन्यात संपायचा. हिशेब केला तर माणशी रोज ३८ ग्रॅम निघालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका दोन हजार कॅलरींच्या आहारात साधारण २७ ग्रॅम सांगते. बायकोने बरणीतून थेट ओतणं बंद करून फोडणीला चमचा ठेवला. या वेळी डबा चाळीस दिवस पुरला. चवीत फरक पडला असं कुणीच म्हणालं नाही.

आता अडलोय ते इथे.

दुपारचा डबा एक वाजता खातो. सव्वासहाला ऑफिसातून निघतो, दादरला गाडी बदलून डोंबिवलीला उतरेपर्यंत आठ वाजतात. पूल उतरला की समोर गाडीवर वडे तळत असतात. दोन वडापाव होतातच. घरी आल्यावर मुलीचा क्लास सुटेपर्यंत थांबतो, साडेनऊला सगळे जेवतो आणि मी पुन्हा पोटभर जेवतो. वडापाव सोडायचा निश्चय रोज सकाळी होतो, रात्री आठला टिकत नाही.

दुसरं म्हणजे श्रावण लागलाय. सोमवार आहेत, एकादशी आणि चतुर्थी आहेच. उपवास आईचा, पण साबुदाण्याची खिचडी सगळ्यांसाठी होते आणि मी दोन बशा खातो. आईला पुन्हा दुखवायचं नाही. एका घरात दोन स्वयंपाकही नकोत. ऑगस्टअखेर पुन्हा रक्त द्यायचंय, मागोमाग गणपती.

यातलं आधी कशाला हात घालू? ज्यांनी घरच्यांना बरोबर घेऊन हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

दादा, मीही बदलापूरहून रोज ये-जा करते. तुमची भूक आठ वाजता स्टेशनवर लागत नाही, ती साडेपाचला ऑफिसातच लागलेली असते. निश्चय आठला करून उपयोग नाही, खाणं साडेपाचला हवं. टेबलाच्या खणात सालासकट फुटाण्यांची बरणी ठेवा. मूठभर फुटाणे आणि एखादं फळ, अंडं चालत असेल तर दोन उकडलेली अंडी. निघायच्या आधीच खा, गाडीत हात हलवायला जागा मिळत नाही. पहिले दोन आठवडे वडापाव एक खाल्लात तरी चालेल, तो आपोआप कमी होतो. माझा आठवड्यातून एकावर आला, तो मी शुक्रवारी आनंदाने खाते.

प्रतिसाद २

मी तुझ्या आईच्याच वयाची आहे, म्हणून अरे-तुरे करते. आईला खिचडी बंद कर असं सांगू नकोस. तिला विचार, तुझ्या लहानपणी उपवासाला काय असायचं? भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, ताक. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. भगरही पिष्टच, म्हणून तीही वाटीभर, पण सोबतची आमटी आणि काकडी पोट धरून ठेवतात. खिचडी हवीच असेल तर एक बशी आणि बरोबर वाटीभर दही.

आणि रोजच्या पानाची डावी बाजू बघ. आपल्याकडे कोशिंबीर आता चमचाभर उरली आहे, लोणच्यासारखी. ती वाटीभर कर. आधी कोशिंबीर आणि भाजी-आमटी खा, भात शेवटी. पदार्थ तेच, फक्त क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. आईला वेगळं काही करावं लागत नाही, उलट तिची कोशिंबीर संपलेली तिला दिसते.

धागाकर्ता

ताई, फुटाणे सोमवारपासून खणात आहेत. पाचपैकी तीन दिवस स्टेशनवर न थांबता घरी आलो.

काकू, तुम्ही सांगितलंत तसं आईला विचारलं. तिचं माहेर मंगळवेढ्याचं. अर्धा तास ती तिकडच्या ज्वारीबद्दलच बोलत होती. लग्नानंतर आमच्या शाळेच्या डब्यांसाठी पोळ्या सुरू झाल्या आणि भाकरी मागे पडली, हे मला माहीतच नव्हतं. काल तिने स्वतःहून परात काढली. पण दुकानातलं पाकिटातलं पीठ होतं, भाकरी थापतानाच चिरत गेली. ती खट्टू झाली. पीठ किती दिवसांचं चालतं?

प्रतिसाद २

तिच्या हाताचा दोष नाही, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली. ज्वारी आणून गिरणीतून दळून आण, आठवड्याला पुरेल एवढीच. तरी चिरली तर पीठ आधणाच्या पाण्यात भिजवायला सांग, हे तिला आठवेलच. पहिली भाकरी तू तव्यावरची गरम खा, तिच्या शेजारी बसून.