बॉनेटखालची उष्णता, रॅप आणि आपली खारी हवा

मिरजोळे टीएसआय

परवा या फोरमवर एकाने लिहिलं होतं: 'टर्बो गाडी मॉडिफाय केलीत की दोन कामं डोळे मिटून करा. डाऊनपाइपला रॅप गुंडाळा, आणि बॉनेटच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून मागची कड बोटभर उचला. आतली उष्णता निम्मी होते.' (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, डाऊनपाइप म्हणजे टर्बोतून निघालेला एक्झॉस्ट मागे नेणारा पाइप, आणि रॅप म्हणजे त्यावर गुंडाळायची उष्णतारोधक पट्टी.) खाली लोकांनी भराभर आभार मानले. ते वाचून दोन रात्री डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी ऑक्टाव्हिया आरएस २३०, स्टेज २ रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली), मोठा डाऊनपाइप. या इंजिनात टर्बो मागच्या बाजूला, फायरवॉललगत, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यालगत असतो. पूर्ण लोडवर एक्झॉस्ट गॅस ८००-९०० अंशांच्या घरात जातो, तो सगळा ताप तिथेच. २०२१ च्या एप्रिलमध्ये मीही रॅप गुंडाळला. फरक पडला, नाही म्हणणार नाही. पायाजवळचा पत्रा तापायचा थांबला.

दोन पावसाळे गेले आणि खालून फटफट आवाज सुरू झाला. गाडी लिफ्टवर घेतली. रॅपची पट्टी सोडवायला लागलो तर पट्टीला चिकटून लोखंडाचे पोपडे निघाले, माशाच्या खवल्यांसारखे, एकावर एक. वाकणापाशी मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तो आत गेला.

कारण उघड आहे. रॅप रस्त्यावरचं पाणी पितो. पाइप तापला की पाणी उडून जातं, मीठ आत राहतं. दर पावसात हेच. मी समुद्रापासून दीड किलोमीटरवर राहतो, रविवारी आरे-वारेच्या किनाऱ्याला फेरी ठरलेली. पुण्यात रॅप दोन दिवसांत वाळत असेल, इथे जून ते सप्टेंबर तो ओलाच.

आता बॉनेट. गाडी वेगात असताना काचेच्या बुडाशी हवा दाबली जाते. केबिनसाठी हवा तिथूनच घेतात ती उगीच नाही. मागची कड उचलली की वेगात हवा बाहेर पडायच्या ऐवजी आत शिरते, आणि रेडिएटरमधून आलेल्या हवेची वाट अडते.

मी पुढे काय केलं? स्टेनलेसचा डाऊनपाइप, त्यावर सिरॅमिक कोटिंग, आणि काढून फेकलेलं कंपनीचं हीट शील्ड शोधून परत बसवलं, मध्ये हवेची फट ठेवून. इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणारी जाळी) आणि रेडिएटरच्या कडेच्या सगळ्या फटी फोमने बंद केल्या, म्हणजे बंपरमधून आलेली हवा कडेने पळत नाही, जाळीतूनच जाते. सर्वात स्वस्त काम हे शेवटचं, आणि जास्त गुण त्याचाच. मे महिन्यात साखरप्याहून आंबा घाट चढताना इनटेकचं, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान ओबीडी स्कॅनरवर ६८ अंश दिसायचं, आता ५५ च्या वर जात नाही. हवा ३ अंशांनी तापली की साधारण एक टक्क्याने विरळ होते, त्यात नॉकिंग (पेट्रोल आपोआप पेटून ठोके बसणं) आलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि ताकद कमी होते. रिमॅपला मोजलेले पैसे तिथेच जातात.

दापोलीकर टीजेट

तुम्ही माइल्ड स्टीलचा पाइप लावलात, तो सडला, आणि दोष रॅपचा? माझी अबार्थ पुंटो. स्टेनलेसच्या पाइपवर चार वर्षं रॅप आहे, काही झालेलं नाही.

आणि वॉशरचं म्हणाल तर ते माझ्या बॉनेटला आहेत. गणपतीच्या आदल्या दिवशी माणगावला अडीच तास उभा होतो. एसी चालू, मागे आई आणि दोन मुलं. पुढच्या तीन गाड्यांची बॉनेटं उघडी, बाटल्यांनी पाणी ओतणं चाललेलं. माझा तापमानाचा काटा हलला नाही. वेगात हवा आत जाते म्हणता, पण आमच्या वाट्याला वेग येतो कुठे? माझं लग्न व्हायच्या आधीपासून या महामार्गाचं चौपदरीकरण चाललंय, मुलगा आता सहावीत आहे. कशेडीचा बोगदा झाला, पण बोगद्यापर्यंत पोचायचं कसं? आमच्या गाड्या रांगेत तापतात. तुमचे घाटातले आकडे रांगेत काय कामाचे?

मिरजोळे टीएसआय

उभ्या गाडीत गरम हवा वर जाते आणि मागच्या फटीतून निघते, एवढं मान्य. पण तीच फट पावसात काचेवरून ओघळलेलं पाणी थेट इंजिनावर सोडते. ते ठिणगी देणाऱ्या कॉइलवर आणि वायरींच्या कनेक्टरवर पडतं. वर्षातले चार महिने आपल्याकडे काय कोसळतं ते तुम्हाला मी सांगायला हवं का? व्हेंटच हवा असेल तर बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या मागे, खाली पन्हळ देऊन. तिथे वेगात दाब कमी असतो.

देवरुख एस्टीम

एवढा खर्च कशाला? थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून टाका. माझ्या एस्टीममध्ये २००४ पासून थर्मोस्टॅट नाही. कॅम बदललाय, हेडर आहे, चार माणसं घेऊन कुंभार्ली चढते. काटा पावाच्या वर कधी पाहिला नाही.

कुडाळ गॅरेज

काका, राग मानू नका, पण या एका सल्ल्याने कोकणातली निम्मी इंजिनं खाल्ली. माझ्याकडे महिन्याला दोन-तीन गाड्या येतात. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट तापतच नाही. ईसीयूला वाटतं गाडी अजून थंडच आहे, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ते पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं. ऑइलमधला दमटपणा उडत नाही, फिलर कॅपखाली पिवळट साय धरते. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर पाण्याला असं काय मोठं अडवतो? गाडी गरम होत असेल तर दुखणं दुसरीकडे असतं.

कुठे असतं तेही सांगतो. मागच्या महिन्यात खाडीकाठच्या गावातून एक मॉडिफाय केलेली स्विफ्ट आली. मालकाने मोठा फॅन लावला होता, तरी तापत होती. रेडिएटरच्या जाळीवरून बोट फिरवलं तर पत्ती चुऱ्यासारखी खाली पडली, खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली. वरच्या अर्ध्या भागात तांबडी माती घट्ट बसलेली. आत वर्षानुवर्षं विहिरीचं खारट पाणी. आणि रेडिएटरच्या कॅपचं रबर तडकलेलं. कॅप दाब धरते म्हणून तर निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी सव्वाशे अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. दाब गेला की तेच १०७ ला उकळतं. रेडिएटर, कॅप, कूलंट बदललं, गाडी गप्प. थर्मोस्टॅट होता तसाच ठेवला.

देवरुख एस्टीम

मी तुमच्या जन्माच्या आधीपासून गाडी चालवतोय. वीस वर्षांत एकदाही टोइंग बोलावलं नाही. पोरांनी पुस्तकातलं शिकवू नये.

कुडाळ गॅरेज

पुस्तकातलं नाही, काका. उघडलेल्या इंजिनातलं आहे. माझ्या वडिलांनी हेच केलं होतं, ओम्नीत. दोन वर्षांत रिंगा गेल्या. आंबा काढणीचे दिवस, गाडी बंद, पेट्या अंगणात पडून. त्या मोसमाचं आमच्या घरी काय झालं ते मला माहीत आहे. म्हणून बोलतो.

मिरजोळे टीएसआय

धागा थर्मोस्टॅटचा नव्हता. माझ्या इंजिनात तर तो काढताही येत नाही, पंपाबरोबर इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आहे, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेलं असल्यामुळे तोही ताप कूलंटलाच वाहावा लागतो. रॅपवर बोला.

दापोलीकर टीजेट

बोललो की. रॅप वाईट हे मला पटलेलं नाही. आणि ते बॉनेट कापायचं म्हणता, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेत बदल चालणार नाही म्हटलंय. कापलेल्या बॉनेटवर पासिंग आणि विमा तुम्ही मिळवून देणार का? माझे वॉशर दहा मिनिटांत निघतात.

मिरजोळे टीएसआय

कापा म्हणालो नाही, कापायचंच असेल तर कुठे ते सांगितलं. विम्याचा मुद्दा बरोबर आहे. पण तुमचा रॅप चार वर्षं सोडूनच पाहिला नाही, तर काही झालेलं नाही हे कशावरून म्हणता?

देवरुख एस्टीम

काल आंबोलीला गेलो होतो. धुकं होतं. हीटरला ताप नाही, काच आतून साफ होईना, बायको सावंतवाडीपासून फडकं घेऊन पुसत बसली. दर पावसाळ्यात असंच होतं. ती म्हणाली, त्या कुडाळच्या मुलाला विचारा. तेवढ्यापुरतं विचारतोय. इंजिन बिघडतं हे मी कबूल केलेलं नाही.

कुडाळ गॅरेज

या काका, सकाळी लवकर या. थर्मोस्टॅट मागवून ठेवतो. येताना गेल्या वेळी ऑइल कधी बदललं ते बघून या.

दापोलीकर टीजेट

आज गाडीखाली गेलो. पुढच्या क्लॅम्पपाशी रॅप चार बोटं सोडवला. पाइप ठीक आहे, पण फ्लँज (पाइप जोडायची चकती) साध्या लोखंडाची निघाली, आणि वेल्डिंगच्या कडेने तांबडी रेघ आहे. नखाने खरवडली, जात नाही. उद्या पूर्ण सोडवतो. वॉशर मात्र राहणार.