जिन म्हणजे कापसाचा कारखाना का दारू? शब्द आला कुठून?

कपाशीवाला_वर्धा
नमस्कार मंडळी. पोरगी आठवीत आहे, इंग्रजीच्या निबंधात तिनं लिहिलं का माझे बाबा जिनमधी काम करतात, तर बाईंनी लाल पेनानं गोल केला अन् वर्गात सांगतलं का जिन म्हणजे दारू. पोरगी रडतच घरी आली. मी २२ वर्षांपासून जिनातच आहे, आपल्याकडं जिन म्हटलं का बारकं पोट्टंही कापसाचा कारखानाच समजते. खरं काय आहे मंग?

सरकीढेप
भाऊ, पोरीचं बरोबर आहे, आजच सांगा तिले. अमेरिकेतही कापूस पिकते तिथं कारखान्याले जिनच म्हणतात. शब्द इंग्रजीच आहे पण दोन येगयेगळे शब्द आहेत, स्पेलिंग तेवढं सारखं. आपलं जिन म्हणजे इंजिनचं तोंड गळून राहिलेलं रूप. लॅटिनमधी इंगेनियम म्हणजे उपजत बुद्धी, त्याचं जुन्या फ्रेंचमधी झालं हिकमत, मंग हिकमतीनं केलेलं यंत्र. म्हणून इंग्रजीत पयले सापळ्यालेही जिन म्हणत अन् खाणीतून माल वर ओढायच्या घोड्याच्या चरखीलेही जिन. इंजिनिअर शब्द याच घरातला. कापसाचं जिन एली व्हिटनीनं १७९३ मधी बनवलं, १७९४ ले पेटंट भेटलं, पण ते दातेरी होतं, आपल्याकडं बहुतेक जागी दोन रोलरवालं डीआर म्हणजे डबल रोलर जिन चालते.

वणीची_ताई
अन् दारूचं जिन आलं डच लोकाइकडून. ज्युनिपर नावाचं झुडूप असते, त्याची फळं टाकून ते जेनेव्हर नावाची दारू काढत, इंग्रजांनी त्याचं जिनिव्हा केलं अन् १८ व्या शतकात तोडून नुसतं जिन ठेवलं. जिनिव्हा शहराशी कायबी संबंध नाही. आमची आजी म्हणे बंद जिनात रात्री जिन फिरते, तो जिन मात्र अरबी, त्याच्या मुळात अर्थच आहे लपलेला. घोड्याच्या पाठीवरचं जीन फारसी. बाईंले एकच जिन माहीत असन, पण पोरीले वर्गात असं बोलायले नको होतं.

कपाशीवाला_वर्धा
ताई, भाऊ, लय बरं वाटलं. बुद्धीवरून आला म्हणता ते मले पटते, कारण मशीन रोज डोळ्यासमोर पाहतो. चामड्याचा रोलर धागा धरून वढते, पातं सरकीले आडवं येते, दुसरं पातं वरखाली हलून तिले ठोकते, सरकी खाली पडते अन् रुई पुढं जाते, धागा तुटत नाही. क्विंटलभर कापसातून ३४-३५ किलो रुई निंघते, मंग तिची १७० किलोची गाठ. हे सारं पोरीले काल रात्री कागदावर काढून दाखवलं, ती म्हणते निबंधात टाकतो. सोमवारी वही घेऊन बाईंकडं मीच जाऊन येतो, त्याइले कॉटन जिन असं पूर्ण लिहून दाखवतो. अन् रुई, सरकी हे शब्द कुठले, कोणाले माहीत असन तं सांगा बरं.