मदत हवी आहे: ग्रामपंचायतीपर्यंत आलेलं भारतनेट वाडीत कसं आणायचं?

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात खाडीच्या उतारावर आमची पस्तीसेक उंबऱ्यांची वाडी आहे. घरात रेंज नाही. फोन लावायचा तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढायचं, आणि पावसात विजा कडकडत असताना तिथे उभं राहायला भीती वाटते.

ग्रामपंचायत वर रस्त्याला, दीड किलोमीटरवर. तिथे भिंतीवर भारतनेटची (ग्रामपंचायतींपर्यंत फायबर केबलने इंटरनेट पोचवायची सरकारी योजना) पेटी आहे, पण तिचे दिवे विझलेले. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तुटली म्हणतात. ती जोडायची कोणी, हे कोणी सांगत नाही.

इकडे सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं ऑनलाइन झालंय. ई-पीक पाहणीसाठी बाबा कलमांचे फोटो काढतात आणि अपलोड करायला मला सड्यावर पाठवतात. निसर्ग वादळात (३ जून २०२०) तर सड्यावरही काही लागेना. मुंबईला भावाला सुखरूप आहोत एवढं कळवायलाही कितीतरी दिवस गेले. आई अजून तो विषय निघाला की गप्प होते.

मी वाचलंय ते असं. भारतनेट योजना २०११ मध्ये दुसऱ्या नावाने मंजूर झाली, अडीच लाखांच्या आसपास ग्रामपंचायती फायबरने जोडण्यासाठी. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेट मंजूर झालं. त्यात पंचायती रिंगमध्ये जोडायच्या आहेत, म्हणजे एकीकडे केबल तुटली तरी दुसरीकडून नेट चालू राहतं. केबलसाठी जांभा दगडात चर खणणं किती कठीण असतं ते कोकणातल्यांना सांगायला नको, त्यामुळे मला हे फार मोलाचं वाटतं. शिवाय ग्रामपंचायत नसलेल्या गावांनाही मागणीनुसार जोडणी द्यायची आहे.

माझं घोडं इथेच अडलंय. आमची वाडी हे महसुली गाव नाही. कागदावर गाव एकच, वाड्या नऊ, त्याही डोंगर-खाडीने तुटलेल्या. मग वाडीची मागणी वेगळी धरतात का? कोणाच्या वाडीत असं झालंय का? अर्ज कोणाकडे केलात?

दुसरं, पीएम-वाणी या सार्वजनिक वाय-फायच्या सरकारी योजनेत दुकानदाराला परवाना न घेता वाय-फाय देता येतं. वाडीतलं किराणा दुकान तयार आहे. पण पंचायतीतून खाली नेट आणायला तुम्ही केबल टाकली की वायरलेस? पावसाळ्यात काय टिकलं?

केबलबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज करणार आहे, त्यात नेमकं काय विचारावं तेही सुचवा.

१५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. ठरावाचा नमुना कोणाकडे असेल तर कृपया इथेच टाका. मी रोज संध्याकाळी सड्यावर येऊन बघते.