निकाल लागेपर्यंत गप्प बसावे का? व्हिन्स मॅकमेहन प्रकरणाविषयी

पडवीतला वाचक (धागाकर्ता)

‘निकाल लागू द्या, मग बोलू’ हे वाक्य व्हिन्स मॅकमेहन यांचा विषय निघाला की कोणीतरी उच्चारतेच, आणि ते इतके सभ्य वाटते की त्यानंतर बोलणारा आपोआप उतावळा ठरतो. मला हे वाक्य या प्रकरणापुरते अपुरे वाटते. १९८२ मध्ये वडिलांची कुस्तीची प्रादेशिक कंपनी विकत घेऊन तिची आजची डब्ल्यूडब्ल्यूई करणाऱ्या या गृहस्थांविरुद्ध त्यांच्याच कंपनीतील एका माजी महिला कर्मचाऱ्याने २५ जानेवारी २०२४ रोजी कनेटिकटच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. त्यात लैंगिक अत्याचाराचे आरोप आहेत, मानवी व्यापाराचाही आरोप आहे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी टीकेओ या पालक कंपनीतील पद सोडले. आरोप त्यांनी ठामपणे नाकारले आहेत आणि त्यांचा खरेखोटेपणा न्यायालयानेच ठरवायचा आहे, हे मलाही मान्य आहे.

पण या दाव्याशिवाय आणखी एक कागद आहे. अमेरिकेच्या शेअर बाजार नियंत्रकाने, म्हणजे त्यांच्याकडच्या सेबीने, १० जानेवारी २०२५ रोजी एक आदेश प्रसिद्ध केला. मॅकमेहन यांनी दोन महिलांशी गोपनीयतेचे करार केले होते, एक २०१९ मध्ये ७५ लाख डॉलरचा आणि दुसरा २०२२ मध्ये ३० लाख डॉलरचा. या दोन्ही करारांवर त्यांनी स्वतःच्या वतीने आणि कंपनीच्याही वतीने सही केली. मात्र संचालक मंडळाला, कंपनीच्या विधी विभागाला, हिशेब ठेवणाऱ्यांना आणि लेखापरीक्षकांना त्यांचा पत्ता लागू दिला नाही, असे त्या आदेशात नमूद आहे. त्यांनी ४ लाख डॉलरचा दंड आणि कंपनीला सुमारे १३ लाख ३० हजार डॉलरची परतफेड मान्य केली. ज्याला स्वतःच्याच संचालकांपासून असे करार लपवावेसे वाटतात, त्याच्या हाती कंपनी असावी की नसावी, एवढा प्रश्न विचारायला कोणत्या निकालाची वाट पाहायची?

चिकित्सक

धागाकर्त्यांनी आदेश नीट वाचला आहे, परंतु त्यातील एक वाक्य सोडून दिले आहे. मॅकमेहन यांनी ही तडजोड आरोप मान्य वा अमान्य न करता स्वीकारली. अमेरिकेत नियंत्रकाशी अशा तडजोडी रोज होतात, आणि त्या करणाऱ्यांत दोषी असतात तसेच वर्षानुवर्षांच्या खटल्याला कंटाळलेलेही असतात.

शिवाय हा आदेश हिशेबाविषयी आहे. त्या दोन महिलांच्या बाबतीत काय घडले, याविषयी नियंत्रकाने कोणताही निष्कर्ष काढलेला नाही. संघीय सरकारी वकिलांनी फौजदारी चौकशी केली, त्यासाठी हा दिवाणी दावा २०२४ मध्ये काही महिने थांबवून ठेवण्यात आला, आणि अखेरीस आरोपपत्र दाखल झालेच नाही. याच माणसाला १९९४ मध्ये कुस्तीगीरांना स्टेरॉइड पुरवल्याच्या आरोपाच्या खटल्यात ज्यूरीने निर्दोष सोडले होते. त्या वेळीही बाहेरच्या जगाने निकाल आधीच लावून टाकला होता. फिर्यादीचा अर्ज ही एका बाजूची कैफियत असते. ती वाचून अंगावर काटा येतो, हे खरे, पण अंगावर आलेला काटा म्हणजे पुरावा नव्हे.

तालमीतला

मी कोल्हापूरचा आहे, खासबागेच्या मैदानात कुस्त्या पाहत वाढलो, आणि शाळेत दप्तरात डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (डब्ल्यूडब्ल्यूईचे तेव्हाचे नाव) पत्त्यांचा जोडही बाळगत होतो (उंची, वजन, छाती, दंड, अंडरटेकरचा पत्ता देण्यापेक्षा डबा देणे परवडे). त्यामुळे दोन्ही बाजूंचे मीठ खाल्लेल्या माणसाचे म्हणणे म्हणून हे वाचावे. आमच्याकडे नुरा कुस्ती झाल्याचा नुसता संशय आला तरी प्रेक्षक मैदान डोक्यावर घेतात. तिकडे मात्र निकाल आधी ठरलेला असतो, हे सर्वांना ठाऊक असते आणि ते ठाऊक असूनही खरे मानायचे, असा प्रेक्षक आणि आखाडा यांच्यातला अलिखित करार असतो.

१९९७ मध्ये माँट्रियलला ब्रेट हार्ट या कुस्तीगीराला अंधारात ठेवून त्याचा विजेतेपदाचा पट्टा काढून घेतला गेला. लोकांचा तो खरा संताप वाया जाऊ न देता मॅकमेहन यांनी त्यातून ‘मिस्टर मॅकमेहन’ नावाचा दुष्ट मालक घडवला आणि स्वतःच तो रंगवू लागले. २००१ मध्ये याच मालकाने एका स्त्री कुस्तीगीराला भर कार्यक्रमात गुडघ्यांवर बसवून कुत्र्यासारखे भुंकायला लावले. आम्ही ते खेळ म्हणून पाहिले. मग जून २०२२ मध्ये गोपनीय कराराची बातमी वॉल स्ट्रीट जर्नलने फोडली, संचालक मंडळाची चौकशी सुरू असल्याचे बाहेर आले, आणि १७ जूनला कार्यकारी प्रमुखपदावरून बाजूला झाल्याची घोषणा झाल्यावर त्याच रात्री हे गृहस्थ आपल्या ओळखीच्या ऐटीत आखाड्यात अवतरले. प्रेक्षकांनी जल्लोष केला. तो जल्लोष त्या पात्रासाठी होता की माणसासाठी, हे त्या प्रेक्षकांना तरी सांगता आले असते का? मला घरी बसून सांगता आले नाही, आणि त्या रात्रीपासून मी हा खेळ पाहणे सोडले.

चिकित्सक

तालमीतले यांचा प्रतिसाद सुंदर आहे, पण त्याच्या पोटात एक घातक सूचना दडली आहे. पडद्यावर दुष्टपणा रंगवला म्हणून माणूस दुष्ट, हा न्याय लावायचा तर निळू फुले यांना गावोगाव काय सोसावे लागले ते आठवावे. बायका त्यांना पाहून पदर सावरत, असे सांगितले जाते, आणि प्रत्यक्षात तो माणूस किती सज्जन आणि चळवळींत रमणारा होता, हे सर्वज्ञात आहे.

तालमीतला

निळूभाऊंच्या हातात सहकलाकारांचे पगारपत्रक नव्हते. ते पाटील रंगवायचे, चित्रपट संस्थेचे मालक नव्हते. इथे पटकथेवर अंतिम शब्द ज्याचा, त्याच्याच सहीने कुस्तीगीरांचे करार होत; हे कुस्तीगीर कंपनीच्या लेखी स्वतंत्र कंत्राटदार, कर्मचारीही नव्हेत, आणि त्यांची संघटना नाही. मी त्या भूमिकेला पुरावा म्हणत नाही. मी इतकेच म्हणतो की ‘नाही’ म्हणण्याची किंमत काय, हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला दर आठवड्याला वाहिनीवरून दाखवले जात होते.

जमाखर्च

व्यवसायाने लेखापाल आहे, म्हणून हिशेबाच्या बाजूवर थोडे. ‘पैसे तर त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले, मग कंपनीचा संबंध काय?’ हा प्रश्न या विषयात वारंवार विचारला जातो. संबंध असा, की कंपनीवरचा संभाव्य दावा मिटवण्यासाठी एखाद्या मोठ्या भागधारकाने स्वतःचे पैसे खर्च केले तरी त्याचा फायदा कंपनीला मिळतो, म्हणून तो खर्च कंपनीच्याच पुस्तकात दिसला पाहिजे. तो न दिसल्यामुळे २०१८ चा निव्वळ नफा सुमारे ८ टक्क्यांनी आणि २०२१ चा सुमारे १.७ टक्क्यांनी फुगलेला दिसला, असे नियंत्रकाचे म्हणणे आहे. पुढे कंपनीला आधीची विवरणपत्रे दुरुस्त करावी लागली.

चिकित्सक म्हणतात त्याप्रमाणे हा ‘केवळ हिशेब’ आहे, हे मला पटत नाही. लेखापरीक्षक चोर पकडायला बसलेला नसतो. व्यवस्थापन जी माहिती समोर ठेवते तिच्यावर त्याचे काम चालते. सर्वोच्च पदावरच्या माणसानेच करार दडवला, तर खालची सारी यंत्रणा प्रामाणिक असूनही आंधळी होते. धागाकर्त्यांनी मात्र ‘दोन करार’ म्हणून थांबू नये. कंपनीने स्वतः ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केलेल्या नोंद न झालेल्या रकमांची बेरीज त्याहून बरीच मोठी, १ कोटी ९६ लाख डॉलर इतकी होती.

उलटतपासणी

सगळे नैतिकतेवर बोलत आहेत, म्हणून भागधारकाची बाजू मांडतो. जुलै २०२२ मध्ये मॅकमेहन निवृत्त झाले. जानेवारी २०२३ मध्ये ते परतले तेव्हा शेअरचा भाव पडला नाही, वाढला. एप्रिलमध्ये एंडेव्हर या मनोरंजन कंपनीशी सौदा झाला, त्यात डब्ल्यूडब्ल्यूईचे मूल्य ९३० कोटी डॉलर धरले गेले. चौकशीचा खर्च म्हणून त्यांनी कंपनीला १ कोटी ७४ लाख डॉलर परत केले. ज्याने कंपनी उभी केली, ज्याच्याकडे सुमारे ८० टक्के मते होती, त्याने मालकीचा हक्क बजावला तर तो अपराध कसा? कायद्याने दिलेलाच हक्क होता तो.

पडवीतला वाचक

हक्क होता, हे खरेच, आणि माझी हरकत नेमकी तिथेच आहे. त्यांच्या प्रत्येक खास शेअरला दहा मते होती, त्यामुळे मालकीचा वाटा कितीतरी कमी असूनही मतपेटी त्यांच्या खिशात होती. ‘मला परत घेतल्याशिवाय प्रसारण हक्कांच्या किंवा विक्रीच्या कोणत्याही सौद्याला मी संमती देणार नाही’ असे त्यांनी कळवले आणि मंडळात आपली माणसे बसवली. ज्या मंडळाने त्यांची चौकशी केली, त्यातले दोघे तेव्हा बाहेर पडले. त्यांपैकी मनजित सिंग हे भारतात सोनी वाहिन्यांच्या कंपनीचे प्रमुख राहिलेले गृहस्थ, आणि मॅकमेहन यांच्या चौकशीची धुरा त्यांच्याकडेच होती. मॅकमेहन यांच्या स्वतःच्या मुलीनेही त्याच आठवड्यात कंपनी सोडली. ज्याची चौकशी झाली तोच चौकशी करणाऱ्यांना घरचा रस्ता दाखवू शकत असेल, तर शेअरचा भाव वाढल्याने माझे समाधान होत नाही.

समिती सदस्य

एका खासगी कंपनीच्या अंतर्गत तक्रार समितीवर मी काही वर्षे काम केले आहे. या चर्चेत सर्वांत कमी बोलले गेले ते पैसे देऊन मिळवलेल्या मौनाविषयी, म्हणून लिहिते. आपल्याकडच्या २०१३ च्या कायद्यात तक्रारदार स्त्रीने स्वतः विनंती केली तर समेटाची वाट आहे, पण त्या समेटाचा पाया पैसा असता कामा नये, असे कलम १० मध्ये स्पष्ट लिहिले आहे. अमेरिकेत तशी सरसकट बंदी नाही. तिथे मार्च २०२२ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारी सक्तीने लवादाकडे ढकलण्यावर बंधन आणले आणि डिसेंबर २०२२ च्या कायद्याने, वाद उद्भवण्यापूर्वीच लिहून घेतलेल्या मौनाला लगाम घातला. वाद झाल्यानंतर पैसे देऊन केलेला करार मात्र त्यातून सुटतो. या प्रकरणातला, फिर्यादी स्त्रीशी झालेला ३० लाखांचा करार जानेवारी २०२२ चा, म्हणजे दोन्ही कायद्यांच्या आधीचा आहे, आणि त्यातल्याच लवादाच्या कलमावर बोट ठेवून मॅकमेहन यांच्या वकिलांनी प्रकरण खुल्या न्यायालयातून काढून घेण्याची मागणी केली.

आता ‘निकाल लागू द्या’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न असा आहे. लवादातला निवाडा बंद दाराआड होतो. तुम्ही ज्या निकालाची वाट पाहत आहात, तो तुमच्यापर्यंत पोहोचूच नये अशी मागणी आरोप झालेली व्यक्तीच करीत असेल, तर वाट कशाची पाहायची?

उलटतपासणी

ताई, गुप्ततेचा करार नेहमी पुरुषाच्याच सोयीचा असतो, हे गृहीत धरू नये. अनेक स्त्रियांना स्वतःचे नाव वर्तमानपत्रात नको असते. सुज्ञ, प्रौढ स्त्रीने वकिलाच्या सल्ल्याने सही केली असेल, तर ती सही निरर्थक ठरवणे म्हणजे तिला अजाण समजणे होय. आणि कटू असले तरी हेही विचारले पाहिजे, की ३० लाखांपैकी १० लाख मिळाले आणि पुढचे हप्ते थांबले, त्यानंतरच हा दावा का आला?

समिती सदस्य

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. आपल्या कायद्याचे कलम १६ तक्रारदाराचे नाव आणि कामकाज गुप्त ठेवायलाच सांगते, आणि त्याचा आधार मला स्वतःला अनेकदा वाटला. परंतु तिथे गुप्तता कायदा देतो, आरोपी ती विकत घेत नाही. दुसऱ्या मुद्द्याविषयी एवढेच म्हणते, की हप्ते थांबवणारा पक्ष कोणता होता ते पाहा. मौन ज्याला हवे होते, त्यानेच ठरलेले पैसे थांबवले असे फिर्यादीचे म्हणणे आहे. ते खरे असेल, तर करार आधी मोडला कोणी?

वाटसरू

याच जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर आपल्या महिला कुस्तीगीर धरणे धरून बसल्या होत्या. त्यावर इथे एकही शब्द नाही?

पडवीतला वाचक

तो विषय स्वतंत्र धाग्याच्या तोलाचा आहे. तिथे सरकारमान्य क्रीडा महासंघ आहे, इथे खासगी कंपनी. दोन्ही एकत्र केले तर दोहोंचे नुकसान होईल. आपण धागा काढलात तर अवश्य येईन.

चिकित्सक

जमाखर्च आणि समिती सदस्य यांच्या प्रतिसादांनंतर माझी भूमिका थोडी सरकली आहे, ती नोंदवतो. नियंत्रकाच्या आदेशाच्या आधारे ‘या माणसाकडे सार्वजनिक कंपनीची सूत्रे नसावीत’ असे कोणी म्हणाले, तर मी यापुढे त्याला घाईचे म्हणणार नाही. लवादाचा मुद्दाही मी लक्षात घेतला नव्हता. परंतु धाग्याच्या पहिल्याच परिच्छेदात ‘त्यात लैंगिक अत्याचार आहेत’ असे छापले गेले आहे. दाव्यात आरोप असतात, अत्याचार सिद्ध व्हायचे असतात. हा फरक आपल्याला क्षुल्लक वाटत असेल, तर माझा पहिला प्रतिसाद जसाच्या तसा उभा आहे.

पडवीतला वाचक

क्षुल्लक मुळीच वाटत नाही. तिथे माझी चूक झाली होती. वाक्य दुरुस्त करून ‘लैंगिक अत्याचाराचे आरोप’ असे केले आहे. दुसरा परिच्छेद मात्र होता तसाच ठेवतो.