काळ्या मातीत रडारची मर्यादा

जमिनीत लहरी सोडून आतले शोधणारे रडार फिरवले, की न खोदताच शिळावर्तुळांच्या, म्हणजे धोंड्यांच्या वर्तुळाने वेढलेल्या प्राचीन दफनांच्या, पोटातले सारे कळेल, असे मत मांडले जाते; ते विदर्भाच्या मातीपुरते तपासून घ्यावे, असे मला वाटते. आमच्या कापसाच्या काळ्या मातीत चिकणमाती पुष्कळ असते आणि ती ओल धरून ठेवते. अशा मातीतून वीज सहज वाहते, त्यामुळे रडारच्या लहरी थोड्याच खोलीत विरून जातात. निदान पावसाळ्यानंतर लगेच ते यंत्र फिरवू नये.

चुंबकीय मापनाकडून मला अधिक आशा आहे, कारण भट्टीची माती तापून थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण धरून ठेवते. नागपूर जिल्ह्यातील नायकुंडच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, तशा अवशेषांसाठी ही पद्धत उपयोगी पडते. मात्र बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असल्याने त्याचे धोंडे आणि बांधावरचे तारेचे कुंपण, दोन्ही मोजमाप बिघडवतात.

छायाचित्रांचे काम तर आजच सुरू करता येईल. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिळावर्तुळांच्या काही धोंड्यांवर कोरलेले वाटीसारखे खळगे भर दुपारी नजरेतून सुटतात, पण सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येकाची कड सावलीने उठून दिसते. तेव्हाच, मोजपट्टी शेजारी ठेवून, प्रत्येक छायाचित्र आधीच्या छायाचित्राशी निम्म्याहून अधिक जुळेल असे चहूबाजूंनी टिपले, तर संगणकावर धोंड्याची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. शेत सपाट करताना धोंडे बांधावर जाण्याआधी एवढे तरी व्हायलाच हवे.